एलरॉयच्या बंदुकीचे अकरा दागिने

एलरॉय हौतालाने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ एकतीस वर्षं हटवला. पहिल्या तीस वर्षांत त्याच्या गाडीने रस्त्याकडेची एकही पत्रपेटी पाडली नाही आणि शेवटच्या हिवाळ्यात सहा पाडल्या. सहावी पाळकबुवांची होती. त्या रविवारी पाळकबुवा क्षमेवर बोलताना तिसऱ्या बाकाकडे इतका वेळ बघत राहिले की एलरॉयने सोमवारी निवृत्तीचा अर्जच देऊन टाकला. कारण लिहिलं, पाठदुखी. आमच्या भागात पाठ कुणाची दुखत नाही? पण पाठदुखीने पत्रपेट्या पडत नाहीत, एवढं त्याच्या बायकोला, मार्लिसला, कळत होतं.

मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घालून निवृत्त झालेली. खोटं बोलणारा माणूस तिला ताट पुढे करण्याच्या पद्धतीवरून ओळखू येतो. जुलैमध्ये एका सकाळी एलरॉय अंगणात उभा राहून शेजाऱ्यांच्या काळ्या कुत्र्यावर ओरडत होता. दहा मिनिटं झाली तरी थांबेना, तेव्हा ती दारात आली.

"कुणाशी भांडतोयस?"

"कुत्र्याशी. मेला जागचा हलत नाही."

"हलणार नाही. त्यात कालची बटाट्याची सालं आहेत."

एलरॉयने पुढे जाऊन कचऱ्याची पिशवी उचलली, जणू तो तिच्यासाठीच तिथवर आला होता, आणि निमूटपणे पिंपात टाकली. मार्लिस म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या." तो म्हणाला, "माझे डोळे ठणठणीत आहेत. पिशवी कुत्र्यासारखी होती."

खरं सांगायचं तर त्याच्या उजव्या डोळ्यापुढे दोन वर्षांपासून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, खिडकीसारखी वाफ धरलेली होती. दिसायचं सगळं, पण त्यातलं नेमकं काय दिसतंय ते त्याला स्वतःलाच ठरवावं लागायचं. डॉक्टरकडे जायला तो घाबरत होता आणि त्याला कारण होतं. त्याचा बाप ओनी काचबिंदूने आंधळा झाला होता. डॉक्टरने त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांत उजेड मारला आणि म्हणाला, गेलेलं परत येत नाही. ते वाक्य ऐकायला ओनीबरोबर एलरॉय होता. तेच वाक्य स्वतःसाठी ऐकायला त्या खुर्चीत जायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि नोव्हेंबरच्या आधी तर मुळीच नाही.

मिशिगनच्या या उत्तर टोकाला वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते पंधरा नोव्हेंबरला सुरू होतं. त्या दिवशी हरणांची शिकार उघडते. शाळांना सुट्टी असते, त्या आठवड्यात कुणी लग्न ठरवत नाही आणि शहाणा माणूस मरतही नाही, कारण थडगं खणायला कुणी सापडत नाही. हौतालांचा कॅम्प म्हणजे तळ्यापलीकडच्या रानातली एका खोलीची लाकडी झोपडी, तिच्यामागे सौना आणि त्यामागे संडास. तो ओनीने बांधला होता आणि भिंतीवर पेन्सिलीने तीन नियमही त्यानेच लिहून ठेवले होते.

पहिला नियम, ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचं शेपूट कापायचं. म्हणजे विजारीत खोचतात तो मागचा भाग कात्रीने कापायचा, त्यावर नाव, वर्ष आणि नेम कशावर धरला होता ते लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. दुसरा, रानात पांढरं काही न्यायचं नाही, रुमाल नाही की कागद नाही. आमचं हरीण पळताना पांढरी शेपटी वर करतं. झुडपाआड नाक शिंकरणारा माणूसही तसाच दिसतो. या नियमापायी ओनीने संडासातला कागदसुद्धा तपकिरी ठेवला होता. आणि तिसरा, चार हंगाम लागोपाठ हरीण मिळालं नाही, तर बसायची जागा सोडायची.

या तिसऱ्या नियमाने एलरॉयची झोप उडवली होती. त्याची जागा म्हणजे ओनीचा खडक. दलदलीच्या काठावर, पाठीला टेकू देणारा, वारा अडवणारा, संबंध रानातली एक नंबरची जागा. ओनी तिथे चाळीस वर्षं बसला, त्याच्यानंतर एलरॉय. भिंतीवर लागोपाठ तीन वर्षांची तीन शेपटं एलरॉयची होती. यंदा चौथं लागलं की खडक वेंडेलचा.

वेंडेल म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ. छप्पन्न वर्षांचा, पोटाने पुढे, तोंडाने त्याच्याही पुढे. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, मुरवलेल्या अंड्यांची बरणी मांडीत घेऊन बसला की तळ दिसेपर्यंत उठत नसे आणि मग रात्रभर सगळ्या कॅम्पाला त्याची फळं भोगावी लागत.

"एलरॉय, त्या खडकावर मी गादी टाकणार आहे," तो सप्टेंबरपासून म्हणायला लागला होता. "आणि पहिल्यांदा तो तपकिरी कागद बंद करणार. तो कागद नाही, पॉलिश पेपर आहे. आयुष्यभर माझं बूड घासून गुळगुळीत झालंय."

"खडकाला हात लावून दाखव," एलरॉय म्हणायचा.

"मी कशाला लावू? तुझ्या बापाचाच नियम आहे."

बापाचा नियम आणि बापाचीच बंदूक. तीस-तीस मापाच्या काडतुसांची जुनी बंदूक, खालची कडी ओढली की नवीन काडतूस आत जातं आणि जुनं वरून उडतं. तिच्यावर दुर्बीण नाही, काही नाही. नेम धरायला मागे खाच आणि पुढे माशी. या बंदुकीची एक गोष्ट एलरॉय आणि मार्लिस सोडून कुणाला ठाऊक नव्हती. ओनीच्या शेवटच्या हंगामात म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण पंधरा नोव्हेंबरला त्याला घरी बसवायची कुणाची छाती होती? तेव्हा एलरॉयने तळघरातल्या बाकावर पाच काडतुसं खोटी केली. दारू काढून टाकली, मागच्या टोपीत तेल सोडलं आणि गोळी परत जागेवर बसवली. नरसाळं मार्लिसने धरलं होतं. ती पाच काडतुसं घेऊन ओनी मोठ्या तोऱ्यात खडकावर जाऊन बसला आणि अकरा वाजता परत आला.

"काही आलं नाही," तो म्हणाला. मग बंदूक एलरॉयच्या मांडीवर ठेवली. "घे. जड झाली आता."

संध्याकाळी बंदूक रिकामी करताना एलरॉयला पाचातल्या एका काडतुसाच्या टोपीवर घोड्याने पाडलेला खड्डा दिसला. म्हणजे म्हाताऱ्याने चाप ओढला होता. म्हणजे त्याने तो पोकळ टक्क आवाज ऐकला होता आणि पोराने काय केलंय ते त्याला कळलं होतं. तो बोलला नाही. एलरॉयही बोलला नाही. वसंतात म्हातारा गेला. एलरॉयने ती पाच काडतुसं तंबाखूच्या डबीत घालून बाकाच्या खणात टाकली आणि एकोणीस वर्षं तो खण उघडताना डबीकडे बघायचं टाळलं.

तर अशा बंदुकीला एलरॉय सप्टेंबरात टॅमीच्या दुकानात घेऊन गेला. टॅमी गळ, गांडुळं, गाजरं, बंदुका आणि वाढदिवसाचे केक एकाच गल्ल्यावर विकते.

"दुर्बीण हवी," एलरॉय म्हणाला. "चांगली बारा पट मोठं दाखवणारी."

"बारा पट? तुमच्या रानात साठ पावलांपलीकडे झाडच झाड आहे. हरणाच्या नाकातले केस मोजायचेत का?"

"तू दाखव तर."

टॅमीने बंदूक उलटसुलट पाहिली. "हिच्यातून काडतूस वरून उडतं, म्हणजे दुर्बीण वर नाही बसणार. बाजूला बसवावी लागेल. पोलादाला भोकं पाडावी लागतील." ती जरा थांबली. "ओनीची आहे ना ही?"

एलरॉयने खाली पाहिलं आणि म्हणाला, "पाड."

इथून जे सुरू झालं त्याला एकटा एलरॉय जबाबदार होता असं म्हणता येणार नाही. प्रत्येक दागिन्याने पुढचा दागिना स्वतःच मागितला. दुर्बीण बाजूला बसल्यामुळे डोळा लावायला मान वाकडी करावी लागायची, म्हणून दस्त्याला गालाची गादी आली. दुर्बिणीमुळे अंगठा घोड्यापर्यंत पोचेना, म्हणून घोड्याला बाजूने एक शिंग बसवलं. एका बाजूच्या वजनाने बंदूक कलायला लागली, तेव्हा गवंड्याकडे असते तसली बुडबुड्याची नळी आली, बंदूक सरळ आहे की तिरकी ते बघायला. वजन हाताला पेलेना म्हणून पुढे घडीचे दोन पाय. पाय झुडपात अडकायला लागले, म्हणून पाठीवर घट्ट बसणारा रुंद पट्टा. बर्फ काचेवर पडू नये म्हणून दुर्बिणीला दोन झाकणं. झाकणं अंधारात उघडता येईनात म्हणून बंदुकीच्या नळीखाली बॅटरी. बॅटरीच्या बटणापर्यंत बोट जाईना, म्हणून वायर आणि वेगळं बटण. वायर लोंबायला लागली, तेव्हा ती बसवायला झाडाच्या सालीच्या रंगाची चिकटपट्टी.

प्रत्येक वेळी टॅमीच्या दारातून बाहेर पडताना एलरॉय म्हणायचा, "बस. ही शेवटची." प्रत्येक गुरुवारी तो परत यायचा. ऑक्टोबरअखेर दहा दागिने झाले. किती दागिने पुरे, हा प्रश्न त्याला छळायला लागला. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या तो म्हणायचा, "मार्लिस, वाऱ्याचा वेग मोजायचं एक यंत्र मिळतं."

"तुझ्या बापाला वारा कळायचा कसा?"

"बोट ओलं करून."

"मग बोट विकत मिळतं का बघ."

वेंडेलने एक दिवस बंदूक मासे तोलायच्या काट्याला टांगली. मुळात सात पौंडांची बंदूक, बारा भरली. "एलरॉय, आता हिला चाकं लाव आणि नंबरप्लेट काढ," तो म्हणाला. "कॉफी करते का ही? नाही? मग एवढे पैसे कशाला घातले?" एलरॉय हसला नाही. लोक दुर्बिणीला हसत होते हे त्याला चालत होतं, उलट बरंच वाटत होतं. दुर्बिणीला हसणारा माणूस डोळ्यांबद्दल विचारत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याने मागच्या अंगणात, सौनाच्या पलीकडे, ओंडक्यावर कागदी ताटली लावली आणि नेम तपासायला बसला. मार्लिस खिडकीत बीट सोलत होती. एलरॉयने झाकणं उघडली, पाय पसरले, बुडबुडा मध्ये आणला, गादीवर गाल टेकला आणि दहा गोळ्या झाडल्या. मग ताटली न बघताच "चांगल्या बसल्या" असं म्हणत आत कॉफी प्यायला गेला. मार्लिस बाहेर गेली. ताटली धुऊन पुन्हा जेवायला घेता आली असती, इतकी शाबूत होती. सौनाच्या पत्र्याच्या धुराड्याला मात्र तीन भोकं पडली होती आणि धुराडं ताटलीपासून चांगलं पंधरा पावलं डावीकडे होतं.

मग आत येऊन तिने हात धुतले.

"एलरॉय, अकरावा दागिना माझ्याकडून," ती म्हणाली.

एलरॉयने कप खाली ठेवला. दोन महिने ज्या बाईने त्याच्या बंदुकीवर एक धड शब्द काढला नव्हता, ती चामड्याचा तुकडा आणि जाड सुई घेऊन बसली होती.

"दस्त्यावर बसेल असं म्यान शिवते. त्याला पाच काडतुसांचे पाच कप्पे. खिशात चाचपत बसायला नको. पण एक कबूल कर. अकरावर थांबायचं."

"थांबलो," एलरॉय म्हणाला, आणि त्याला खरंच भरून आलं. अख्ख्या गावात एकच माणूस त्याच्या बाजूने होतं आणि ते घरातच निघालं. त्या आठवड्यात घरभर सिरक्याचा वास होता, पण वेंडेलसाठी अंडी मुरत घालायची वेळ होती, त्यामुळे त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. चौदा तारखेला दुपारी तिने म्यान दस्त्यावर चढवलं. पाचही कप्प्यांत पाच काडतुसं, पितळ लखलखीत.

"भरूनही दिलंस?"

"अर्धवट काम मला आवडत नाही," मार्लिस म्हणाली. तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आत निघून गेली.

त्या संध्याकाळी कॅम्पात तिघे होते. एलरॉय, वेंडेल आणि लायल. लायल कॅम्पाचा सगळ्यात जुना माणूस, वय एक्क्याऐंशी. आता शिकार करत नाही, फक्त चूल सांभाळतो आणि कात्री सांभाळतो. वेंडेलने अंड्यांची बरणी मांडीत घेतली. लायल म्हणाला, "वेंडेल, उद्या पहाटे उठायचंय. निम्मी ठेव." वेंडेलने दोन ठेवली.

पंधरा तारखेला सकाळी एलरॉय खडकावर बसला. बंदूक भरली, हातमोजे असतानाही काडतुसं म्यानातून अलगद निघाली आणि त्याने मनातल्या मनात मार्लिसला दुवा दिला. उजाडलं. घोटाभर बर्फ होता, वारा नव्हता. सात वाजले, आठ वाजले. दूरवर इतरांच्या बंदुकांचे आवाज आले. चौथं शेपूट. बापाचा खडक. वेंडेलची गादी.

साडेआठला समोरच्या झुडपांत काहीतरी हललं.

एलरॉयने झाकणं उघडली. पाय बर्फात रोवले. बुडबुडा मध्ये आणला. गादीवर गाल. बारा पट मोठं होऊन रान त्याच्या वाफाळलेल्या डोळ्यात शिरलं. तपकिरी, करडं, तपकिरी. आणि मग पांढरं. शेपटी! फडफडली, खाली गेली, पुन्हा फडफडली. तिच्या पुढे तपकिरी पाठ, खाली वाकलेली, चरत असावी. वर शिंगं. त्याने टोकं मोजली. आठ. मोजायला आठ मिळावीत म्हणून तो चार वर्षं थांबला होता, त्यामुळे ती आठ भरली.

बाबा, बघ, तो मनात म्हणाला. आणि चाप ओढला.

टक्क.

त्याला वाटलं, गारठ्याने झालं असेल. कडी ओढली, काडतूस वरून उडून बर्फात पडलं. पुन्हा नेम. टक्क. पुन्हा कडी. हरीण हललंही नव्हतं, इतकं भाग्य कुणाला मिळतं! पुन्हा चाप.

टक्क.

तेवढ्यात हरीण दोन पायांवर उभं राहिलं, त्याने विजार वर ओढली, गॅलसचे पट्टे खांद्यांवर चढवले आणि फांदीवर टांगलेलं, शिकारी उठून दिसायला घालतात ते नारिंगी जाकीट काढून अंगात घातलं.

वेंडेल. स्वतःच्या बापाचा जुना तपकिरी लोकरी कोट घातलेला वेंडेल. गॅलस उतरवायचे तर आधी वरचं नारिंगी जाकीट काढावं लागतं, म्हणून त्याने ते काढलं होतं. आणि बूड जपायला घरून पांढरा, मऊ, फुलाफुलांचा कागद आणला होता.

एलरॉयने बंदूक बर्फात आडवी ठेवली, मग पुन्हा उचलली, कडी ओढून ओढून उरलेली तीन काडतुसंही बाहेर काढली आणि गुडघ्यांवर रांगत पाचही गोळा केली. हातमोजा दातांनी काढला. डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने काडतुसांच्या मागून अंगठा फिरवला. खड्डा. खड्डा. खड्डा. गुळगुळीत. खड्डा.

चाप तीनदा ओढला होता. खड्डे चार होते.

चौथ्या खड्ड्यावर अंगठा ठेवून तो खडकाला टेकून बसला. तंबाखूची डबी. बाकाचा खण. सिरक्याचा वास, त्याने घासलेलं पितळ. सगळं कळायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि कळलं तेव्हा आधी राग आला. मग त्याने समोर झुडपांतून डुलत येणाऱ्या वेंडेलकडे पाहिलं आणि रागाचं पाणी पाणी झालं.

"काय रे," वेंडेल म्हणाला, "काही दिसलं?"

"नाही," एलरॉय म्हणाला. "काही आलं नाही."

शब्द तोंडातून गेले आणि त्याच्या अंगावर काटा आला. ते त्याचे शब्द नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी अकरा वाजता ते त्याने ऐकले होते, आणि त्या दिवशी सकाळी आपण कुठे बसलो होतो तेही त्याला आत्ताच आठवलं. याच झुडपांच्या पलीकडे, खडकाच्या बरोबर समोर.

बारा वाजता मार्लिस गरम पास्ट्या घेऊन कॅम्पात आली. हंगाम उघडतो त्या दिवशी दुपारी ती नेहमीच येते, टॉवेलात गुंडाळलेल्या, मोठ्या करंजीसारख्या मांस-बटाट्याच्या पास्ट्या ठेवते, झोपडीच्या वासाबद्दल दोन शब्द बोलते आणि जाते. या वेळी ती दारातच थांबली. एलरॉयने सदरा विजारीतून बाहेर काढला होता आणि तो लायलसमोर पाठमोरा उभा होता.

"काप," तो म्हणत होता.

"पण तुझ्या बाजूने आवाज कुठे आला?" लायल म्हणाला. "मी दारातच होतो."

"आवाज झालाच नाही. नेम धरला, तीनदा चाप ओढला. नियम आहे, काप."

"कशावर धरलास?"

एलरॉयने खिशातून काडतुसं काढून टेबलावर उभी केली. चार एका बाजूला, एक वेगळं. मार्लिसकडे न बघता तो म्हणाला, "वेंडेलवर. झुडपात बसला होता. मला दिसत नाही, लायल. दोन वर्षं झाली, उजव्या डोळ्याने मला धड काही दिसत नाही. ही काडतुसं मार्लिसने पोकळ दिली नसती, तर आत्ता मी त्याला ओढत आणला असता."

चुलीत लाकूड फुटलं. वेंडेलच्या हातातलं अंडं अर्ध्यावर थांबलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग वरपासून खालपर्यंत उतरत गेला. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग एलरॉयकडे, मग टेबलावरच्या काडतुसांकडे. शेवटी त्याने अंडं परत बरणीत टाकलं.

"तीनदा?" तो म्हणाला.

"तीनदा."

"बरं झालं," वेंडेल म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "नाहीतरी विजार उतरलेलीच होती."

लायल हसला, मग खोकला, मग त्याने डोळे पुसले. मार्लिसच्या हातातला पास्ट्यांचा टॉवेल कसाबसा टेबलावर आला आणि ती बाकावर बसली. पोकळ काडतुसं देताना तिने विचार केला होता की नवरा एखाद्या खुंटाला टक्क करेल, चिडेल, घरी येऊन दारं आपटेल. त्या खुंटाच्या जागी भाऊ असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. तिने ते वेगळं ठेवलेलं काडतूस उचललं आणि त्याच्या मागे नख लावून पाहिलं.

"हे ओनीचं आहे," ती म्हणाली. "मी घासताना पाहिलं. तू मला कधी सांगितलं नाहीस. त्या वर्षी त्याच्या समोर कोण बसलं होतं?"

"मी," एलरॉय म्हणाला.

मार्लिसने काडतूस खाली ठेवलं. तिने लायलच्या हातातून कात्री घेतली. शिवणकामाची बाई ती. तिने नवऱ्याच्या सदऱ्याचं शेपूट कापलं, टेबलावर पसरलं आणि पेन्सिल वेंडेलकडे सरकवली. वेंडेलने जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं. नाव, वर्ष. मग नेम कशावर होता त्या रकान्यात लिहिलं, वेंडेल, बसलेला. ते त्याने स्वतः उठून भिंतीला ठोकलं, आधीच्या तिन्हींच्या शेजारी चौथं.

"खडक तुझा," एलरॉय म्हणाला.

"मला नको तो खडक," वेंडेल म्हणाला. "त्याच्यासमोर झुडपं आहेत. मी कुठे बसायचं?"

एलरॉयने बंदूक टेबलावर घेतली. स्क्रू काढायचा पाना मागितला आणि दुर्बिणीपासून सुरुवात केली. गादी, शिंग, बुडबुडा, पाय, एकेक वस्तू पास्ट्यांच्या शेजारी जमा होत गेली. चामड्याच्या म्यानाशी आल्यावर त्याने पाना बाजूला ठेवला.

"डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ किती दिवसांनी मिळते?" त्याने विचारलं. मान वर केली नव्हती.

"मंगळवारी, साडेदहा," मार्लिस म्हणाली. "धुराड्याची भोकं पाहिली त्याच दिवशी घेतली. आणि गाडी मी चालवणार आहे, गावातल्या पत्रपेट्या नव्या आहेत."